तांबे कोण सोडवत होते?

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवायचा आणि त्यावर बसलेला तांबूस थर मुलांना दाखवायचा, हा प्रयोग आपण वर्गात नेहमीच करतो. स्पेनमधील रिओ टिंटोच्या खाणीत अठराव्या शतकात तांबे असेच मिळवू लागले. खनिजातून झिरपणाऱ्या पाण्यात तांबे असे; त्यात भंगार लोखंड टाकले की झाले! पण मुळात ते पाण्यात उतरते कसे? हवा-पाण्याने खनिज कुजते, एवढ्या उत्तरावर सगळे समाधानी होते.

ही कुजण्याची क्रिया फार सावकाश चाले. 1873 मध्ये खाण ब्रिटिश कंपनीकडे गेली आणि घाई वाढली. गंधकयुक्त खनिजाचे ढीग उघड्यावर महिनोन्‌महिने जाळायचे आणि मग पाण्याने धुवायचे, या पद्धतीने कळस गाठला. सल्फर डायऑक्साइडच्या धुराने पिके करपली, माणसे घुसमटली. 4 फेब्रुवारी 1888 रोजी शेतकरी आणि खाणमजूर एकत्र येऊन दाद मागू लागले, तेव्हा सैनिकांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 13 मृतांचा. तो तेव्हाही कोणाला पटला नाही. सरकारने धुरावर बंदी घातली आणि 1890 मध्ये उठवलीही! पुढे मात्र खनिज न जाळता, ढिगांवर पाणी सोडून वाट पाहण्याची रीत रुळली.

कोड्याचे उत्तर तांब्याच्या खाणीत सापडले नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींमधून आम्लयुक्त पाणी वाहून ओढे नासत होते. कोल्मर आणि हिंकल यांनी या पाण्याचे नमुने तपासले. साध्या नमुन्यातल्या फेरस लोहाचे फेरिक होई. निर्जंतुक केलेल्यात ही क्रिया जवळजवळ थांबे. म्हणजे करणारा सजीव होता. हे 1947 मध्ये प्रसिद्ध झाले. 1951 मध्ये त्या जीवाणूला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे नाव मिळाले (2000 पासून ॲसिडिथायोबॅसिलस).

गंमत अशी, की हा जीवाणू तांब्याच्या वाटेला जातच नाही. फेरसचे फेरिक करताना मिळणाऱ्या ऊर्जेवर तो जगतो. फेरिक लोह खनिजातल्या सल्फाइडवर हल्ला चढवते. तांबे विरघळते आणि लोह पुन्हा फेरस होते. जीवाणूला परत खाद्य! आम्लात नुसत्या हवेने हे काम अतिशय मंद चालते.

1958 मध्ये अमेरिकेतील केनेकॉट कंपनीने या पद्धतीचे पेटंट घेतले. रिओ टिंटो नदी आजही तांबडी वाहते. तिच्या पाण्याचा सामू दोनच्या आसपास आहे.