भावनगरचे पाच हजार आणि पुण्यातली वेधशाळा

१/ संशोधनासाठी अनुदान मिळवण्याची धडपड आजच्या तरुण प्राध्यापकांच्याच वाट्याला आली आहे, असे नाही. महाराष्ट्रात तिला किमान १४० वर्षांचा इतिहास आहे. हा धागा कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांच्याविषयी.

२/ १८८२ साली पंचविशीतले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारावी, ही त्यांची इच्छा. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यासाठी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली.

३/ १८८४ मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथे नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्या ज्येष्ठांनी सुचवले की, प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी. पुढे नायगमवाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (आजचे सीओईपी) आले आणि १८८८ मध्ये तिथे ‘महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा’ उभी राहिली. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती.

४/ या पैशाचे चीज झाले का? तेजोमेघांच्या वर्णपटातली मुख्य रेषा मॅग्नेशियमची, असे लॉकियर मानत. तसे असते तर ती एका कडेला धूसर दिसायला हवी होती. नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे वेध घेतले, तेव्हा ती सुस्पष्ट दिसली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा झाली, त्यांच्याच मताविरुद्ध तिने साक्ष दिली. ती रेषा आयनीभूत ऑक्सिजनची आहे, हे १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडले.

५/ २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून शिरून आपल्या वऱ्हाडावरून पुढे गेली. लॉकियर विजयदुर्गला उतरले होते. नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचा तळही जेऊरलाच होता.

६/ १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला गेली. तिथली सरकारी वेधशाळा १८९९ पासून आजतागायत चालू आहे.

७/ फरक इथेच आहे. महाराजांची देणगी आणि सरकारची भर यांतून दुर्बीण आली, इमारत झाली. पण दुर्बिणीमागे उभा राहणारा दुसरा माणूस घडवण्याची तजवीज झाली नाही. उपकरणासाठी पैसा उभा करणे अवघड, आणि माणसांसाठी तो वर्षानुवर्षे मिळवत राहणे त्याहून अवघड. नवे प्राध्यापक आजही अर्ज लिहिताना हाच हिशेब मांडतात.

८/ ती दुर्बीण कोडाईकनालला पुढे ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली. देणगीदाराचे नाव तिच्यासोबत राहिले. ती देणगी मिळवणाऱ्या, रात्ररात्र तिच्याशी बसणाऱ्या प्राध्यापकाचे नाव मात्र आपल्याला शोधून काढावे लागते.