संशयिताची साक्ष

घरच्या संगणकातून व्हायरस काढण्याचा इतिहास सहसा अँटिव्हायरसचा इतिहास म्हणून सांगितला जातो: नवा व्हायरस आला, त्यावर उतारा निघाला, मग आणखी नवा व्हायरस आला. या मांडणीत मूळ अडचण झाकली जाते. लागण झालेल्या संगणकालाच त्याच्या प्रकृतीविषयी विचारणे म्हणजे संशयिताची साक्ष त्याच्याच निर्दोषपणाचा पुरावा म्हणून स्वीकारणे. फाइल वाचणे, तिचा आकार सांगणे, डिस्कवर काय आहे ते दाखवणे ही कामे ज्या यंत्रणेमार्फत होतात, तीच व्हायरसच्या ताब्यात गेलेली असते. म्हणून उतारा किती जालीम होता यापेक्षा तपासणारा कुठे उभा होता, हा प्रश्न या इतिहासात जास्त मोलाचा ठरतो.

पुरावा अगदी सुरुवातीपासून आहे. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 1986 साली लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. तो 360 केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसे आणि कोणी तो सेक्टर वाचू लागले, की दुसरीकडे जपून ठेवलेला मूळ सेक्टर पुढे करी. जून 1990 मध्ये भारतात आढळलेल्या ‘जोशी’ने हीच लपवाछपवी हार्ड डिस्कपर्यंत नेली. दर 5 जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप केल्याशिवाय सोडत नसे. वाढदिवसाचा हा हट्ट लोकांच्या लक्षात राहिला. पण त्याची खरी करामत वेगळी होती. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो मेमरीतून हटत नसे. वीज बंद करायची आणि स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, हाच खात्रीचा मार्ग होता. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बुजवली, की तिच्यावर काही लिहिता येत नसे. ही मनाई ड्राइव्हच्या हार्डवेअरमध्येच असल्याने कोणत्याही प्रोग्रॅमला ती मोडता येत नव्हती.

आत राहून केलेली तपासणी नुसती निरुपयोगी नव्हे, घातकही ठरू शके. 1989 मध्ये सोफियात निर्माण झालेला ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’ उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलला लागण करी. तो मेमरीत असताना स्कॅनर चालवला, तर स्कॅनर एकेक फाइल तपासायला उघडे आणि तपासणीच संसर्गाची वाहक होई. सरसकट फॉरमॅट करण्याचा रामबाण उपायही हमखास लागू पडत नसे. ‘जोशी’ डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, मास्टर बूट रेकॉर्डमध्ये घर करी आणि साध्या फॉरमॅटमध्ये त्या सेक्टरला हातच लागत नसे.

म्हणूनच सफाईचा हा धंदा दुरुस्तीच्या दुकानांत रुजला, यात नवल नाही. तिथे स्वच्छ फ्लॉपी होती, दुसरा संगणक होता आणि तपासणारा माणूस बाहेरचा होता. कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकर यांच्या पुण्यातल्या दुकानात येणारी यंत्रे व्हायरस घेऊन येत. धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि 1995 मध्ये ‘क्विक हील’ची डॉसवरची आवृत्ती आली. 2016 साली शेअर बाजारात नोंदलेल्या या कंपनीचे मूळ असे दुरुस्तीच्या टेबलावर आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. बाहेरून केलेला उपचारही संगणकाचा घात करू शकतो. ‘मंकी’ हा व्हायरस मूळ बूट रेकॉर्ड सांकेतिक रूपात दुसरीकडे ठेवी. स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केलेल्या संगणकाला मग सी ड्राइव्हच दिसत नसे आणि एरवी उपयोगी पडणारी ‘एफडिस्क /एमबीआर’ ही आज्ञा दिली, तर डिस्कवरच्या माहितीची वाट कायमची बुजण्याची भीती असे. आक्षेप खरा आहे. पण त्यातून इतकेच सिद्ध होते की बाहेर उभे राहिल्याने नजर निर्मळ होते, ज्ञान आपोआप येत नाही. दोन्ही लागतात, आणि नजर आधी लागते. कधी तर बाहेरूनच दुरुस्ती करण्यावाचून पर्याय उरत नसे: 26 एप्रिल 1999 रोजी तैवानच्या ‘सीआयएच’ने भारतासह आशियातल्या असंख्य संगणकांच्या डिस्कचा आरंभीचा भाग पुसला, काहींची बायोस चिपही बिघडवली. असा संगणक सुरूच होत नसे. चिप बदलावी लागे, नाहीतर काढून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा लिहावी लागे.

दुसरा आक्षेप आजचा आहे: विंडोज 8 पासून डिफेंडर हा अँटिव्हायरस यंत्रणेतच येतो आणि रोज आतूनच राखण करतो, मग बाहेरचा अट्टाहास कशाला? उत्तर क्रमात आहे. हा राखणदार संगणक स्वच्छ असताना आधी आत आलेला असतो. शत्रू आधी शिरला, तर या राखणदाराचा शब्दही संशयास्पद ठरतो. 2008 च्या ‘कॉन्फिकर’ने अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळेच उघडेनाशी केली. म्हणूनच डिफेंडरमध्येही विंडोज बंद ठेवून, वेगळ्या वातावरणात तपासण्याची सोय आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची रीतही याच जातीची. संगणक बॉटनेटमध्ये, म्हणजे हल्लेखोराच्या ताब्यातल्या संगणकांच्या जाळ्यात, सापडल्याची खूण नेटवर्कवर दिसते आणि सूचना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीमार्फत येते.

या तत्त्वाचा विसर किती महाग पडतो, हे बनावट अँटिव्हायरसच्या धंद्याने दाखवले. खोटे स्कॅन दाखवून ‘तुमचा संगणक बाधित आहे’ असे घाबरवायचे आणि त्यावरचा उतारा विकायचा, अशा कंपन्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2008 मध्ये कारवाई केली. फसलेल्या ग्राहकांची संख्या दहा लाखांवर होती. ‘सगळे ठीक आहे’ हा पडद्याचा दावा जितका तपासून घ्यायचा, तितकाच ‘सगळे बिघडले आहे’ हा दावाही. त्यासाठी लागणारी बचाव पेनड्राइव्ह आणि वेगळी काढून ठेवलेली बॅकअपची डिस्क संगणक धड असतानाच तयार करावी लागते.