आधी आपली वर्गणी, मग मोठे अनुदान

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना तो अर्पण केला, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु मुक्त झालेल्या त्या लोकांच्या लेकराबाळांचे पुढे काय झाले? ती शिकली कुठे? त्यांच्या शाळा कोणी बांधल्या? हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

१८६५ साली बेड्या तुटल्या, पण शाळा काही मिळाली नाही. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. सरकारी पैशाचा मोठा वाटा गोऱ्यांकडे जायचा. काळ्यांची पोरे चर्चमध्ये नाहीतर गळक्या खोपटात बसून अक्षरे गिरवायची.

गुलामीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन हे अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेचे प्रमुख होते. शिकागोचे ज्यू उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ साली आपल्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त त्या संस्थेच्या कार्याला २५,००० डॉलर दिले. त्यातील उरलेल्या थोड्या रकमेतून खेड्यापाड्यांत सहा छोट्या शाळा बांधू द्या, अशी परवानगी वॉशिंग्टन यांनी मागितली. पहिली शाळा लोचापोका या गावी १९१३ साली उभी राहिली. त्याच वर्षी बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले होते.

लोचापोकाच्या शाळेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. रोझेनवाल्ड यांचे ३००, स्थानिक गोऱ्या लोकांचे ३६०. गावच्या काळ्या लोकांनी रोख १५० डॉलर जमवले आणि १३२ डॉलर ५० सेंट किमतीचे श्रमदान केले. म्हणजे अंगमेहनतसुद्धा हिशेबात धरली गेली!

पुढे काम वाढले, तसे नियमही ठरले. आधी गावाने आपला वाटा उभा करायचा. जागेचा कागद सरकारी शाळा खात्याच्या नावे करून द्यायचा. इमारत ठरलेल्या नकाशाप्रमाणे बांधायची, आणि तीत उजेड भरपूर यायला हवा. पुढची देखभाल सरकारने करायची. हे सारे जमले तरच अनुदान. टस्कीगीचे वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांनी सुरुवातीचे नकाशे काढण्यात पुढाकार घेतला. एमआयटी या नामांकित संस्थेतून १८९२ साली पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते.

पण गरिबांनी पैसा आणायचा कुठून? कोणी कोंबड्या विकल्या, कोणी डुकरे. कोणी कापसाचा एक तुकडा शाळेच्या नावाने राखून ठेवला. अलाबामातील एका सभेत गुलामीचे दिवस भोगलेल्या एका म्हाताऱ्याने मळकट थैली टेबलावर रिकामी केली. जन्मभराची पुंजी होती ३८ डॉलर. ती त्याने नातवंडा-पतवंडांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली.

१९३२ साली हे बांधकाम थांबले, तेव्हा १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या होत्या. शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा धरून इमारती ५,३५७. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात सरकारचे १ कोटी ८१ लाख, रोझेनवाल्ड निधीचे ४३ लाख ६६ हजार, गोऱ्या लोकांचे १२ लाख आणि काळ्या लोकांचे ४७ लाख २५ हजार! शाळांना नाव पडले ‘रोझेनवाल्ड शाळा’, पण त्या दात्यापेक्षा जास्त पैसा त्या गरिबांनी दिला होता.

याला दुसरी बाजूही आहे. हे लोक सरकारला कर भरतच होते. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा बांधल्या गेल्या आणि स्वतःच्या शाळेसाठी यांना पुन्हा खिशात हात घालावा लागला. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनी याला दुहेरी कर म्हटले आहे, आणि ते खरेच आहे. शिवाय शाळा झाली तरी ती वेगळीच राहिली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा कुठे ती व्यवस्था कायद्याने मोडली. नागरी हक्क चळवळीचे नेते आणि पुढे तेथील संसदेत गेलेले जॉन लुईस हे याच शाळांत शिकले होते.

आज विहार, वाचनालय किंवा वसतिगृह बांधायचे म्हटले की आपली कमिटी आधी निधीसाठी आमदार-खासदारांचे दार ठोठावते. जरूर ठोठवावे. तो जनतेच्या कराचा पैसा आहे, त्यावर आपला हक्क आहे, ती भीक नव्हे. मात्र जाताना हातात जागेचा कागद असावा, नकाशा असावा, पै-पैचा हिशेब असावा आणि घरटी जमवलेल्या वर्गणीचे पावतीपुस्तक असावे. मोलकरणीचे पन्नास रुपये आणि गवंड्याचा एक रविवार, हेही त्यात लिहिलेले असावे. संगमरवरी पाटीवर मोठ्या देणगीदाराचे नाव येईल, येऊ द्या. इमारत कोणी उभी केली, ते आपले पावतीपुस्तक सांगेल. म्हणून ते जपून ठेवा.