हवानाच्या रस्त्यावरचा पुतळा आणि काळ्या पोरांचे रॅप

रॅप म्हटले की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क येते. त्यात चूक नाही. हिप-हॉपचा जन्म ऑगस्ट १९७३ मध्ये तिथल्या ब्राँक्स भागात झाला असे मानले जाते. पण त्या ब्राँक्समध्ये काळ्यांच्या शेजारी पोर्तो रिकोहून आलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबेही राहत होती. ब्रेकडान्समध्ये, ग्राफिटीत, डीजेच्या टेबलावर त्यांची पोरे सुरुवातीच्या काळापासून होती. म्हणजे हिप-हॉपच्या घरात स्पॅनिश ही मागाहून आलेली पाहुणी नाही.

आम्हाला हे उशिरा कळले. आम्ही स्पॅनिश रॅप ऐकायला लागलो तेव्हा एकाही शब्दाचा अर्थ लागत नव्हता. आवाजातला राग कळत होता, तो कोणावर आहे हे कळत नव्हते. अर्थ शोधत गेलो आणि पोहोचलो क्युबात, हवानातल्या एका पुतळ्यापाशी.

हवानाच्या वेदादो भागात 'जी' नावाचा रुंद रस्ता आहे. त्याला राष्ट्राध्यक्षांचा मार्गही म्हणतात. तिथे एस्त्रादा पाल्मा या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा पुतळा होता. अमेरिकेचा हस्तक म्हणून तो उखडला गेला. आज चौथऱ्यावर त्याचे फक्त बूट उरले आहेत. त्याच रस्त्यावर दुसरा राष्ट्राध्यक्ष होसे मिगेल गोमेस याचे भव्य स्मारक मात्र शाबूत आहे. माहिया लोपेस आणि आलेक्सी रोद्रीगेस या काळ्या जोडप्याच्या 'ऑब्सेसिऑन' या रॅप गटाने नेमक्या याच रस्त्याच्या नावाने गाणे केले आणि हा पुतळा हटवा अशी मागणी केली. का?

त्यासाठी १९१२ सालात जावे लागते. क्युबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये. त्यानंतर स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात काळे हजारोंच्या संख्येने लढले. अँतोनियो मासेओसारखा सेनानी त्यांच्यातलाच, तो १८९६ मध्ये लढताना मारला गेला. स्वातंत्र्य आले, पण सरकारी नोकऱ्या आणि सत्ता गोऱ्यांच्या हाती गेली. रक्त सांडणाऱ्याला हिस्सा नाही, हे पाहून एव्हारिस्तो एस्तेनोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये काळ्यांचा स्वतंत्र पक्ष काढला. प्रस्थापितांना हे कसे सहन व्हावे? 'आपण सगळे क्युबन आहोत, वर्णावर पक्ष काढणे म्हणजे देश फोडणे' अशी हाकाटी झाली. १९१० मध्ये वर्णाच्या आधारावरील पक्षांवर बंदी घालणारा कायदा आला. तो मांडणारा सिनेटर मोरुआ देल्गादो स्वतः काळा होता! मान्यवर कांशीराम यांनी १९८२ मध्ये 'चमचा युग' लिहून जे सांगितले, ते वाचलेल्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

बंदी उठवावी म्हणून मे १९१२ मध्ये पक्षाने सशस्त्र निदर्शने केली. गोमेस सरकारने सैन्य पाठवले. पूर्व क्युबात हजारो काळी माणसे मारली गेली. त्यातली बरीचशी शेतात राबणारी होती, त्यांचा पक्षाशी संबंधही नव्हता. एस्तेनोसही मारला गेला. नंतर या हत्याकांडाबद्दल शाळेच्या पुस्तकांत जवळजवळ मौन पाळले गेले. पुतळा तेवढा उभा राहिला.

१९५९ मध्ये क्रांती झाली. क्रांतीने काळ्यांना काहीच दिले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. साक्षरता, दवाखाने, घरे मिळाली. ज्या क्लबांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर त्यांना मज्जाव होता ते खुले झाले. पण १९६२ पर्यंत वर्णभेद संपला असे जाहीरही करून टाकले. रोग बरा झाला असे सरकारनेच ठरवल्यावर दुखते म्हणणारा गद्दार ठरतो. वर्ग संपला की बाकीचे भेद आपोआप संपतात, हे आपल्याकडच्या डाव्यांनी जातीबद्दल आपल्याला किती वर्षे ऐकवले! क्युबाने प्रत्यक्ष वर्गक्रांती करून दाखवली, तरी वर्ण शिल्लक राहिला.

१९९१ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळले आणि क्युबात उपासमारीचे दिवस आले. तेव्हा हे उघडे पडले. परदेशातून डॉलर यायचे ते मुख्यतः गोऱ्या घरांत, कारण आधी देश सोडून गेलेले बहुतांश गोरे होते. पर्यटकांच्या हॉटेलांत नोकरीसाठी 'व्यक्तिमत्त्व चांगले हवे' अशी अट असे, तिचा अर्थ सगळ्यांना कळत होता. रस्त्यात पोलीस ओळखपत्र मागायचे ते काळ्या पोराला. हवानाच्या पूर्वेला आलामार नावाची सरकारी इमारतींची मोठी वसाहत आहे. तिथली पोरे गच्चीवर तारांचे अँटेना लावून मायामीच्या रेडिओवरचे रॅप पकडायची. आधी इंग्रजीची नक्कल केली, मग स्वतःच्या स्पॅनिशमध्ये स्वतःचे जगणे मांडले. १९९५ मध्ये आलामारला रॅपचा पहिला महोत्सव झाला. पुढे अमेरिकेतले काळे कार्यकर्ते आणि रॅपर तिथे येऊ लागले. 'लास क्रुदास'सारख्या गटातल्या काळ्या स्त्रियांनी तर सरकारसोबत हिप-हॉपमधल्या पुरुषीपणालाही जाब विचारला.

हा आवाज दाबता येत नाही म्हटल्यावर सरकारने तो कवेत घेतला. रॅप ही क्युबन संस्कृतीचीच अभिव्यक्ती आहे असे मान्य झाले आणि २००२ मध्ये सरकारी रॅप एजन्सी निघाली. स्टुडिओ आणि मानधन आले, त्यासोबत कोण अधिकृत आणि कोण नाही ही विभागणीही आली. पलीकडे अमेरिकाही टपलेली होती. तिच्या मदतसंस्थेच्या कंत्राटदारांनी क्युबन रॅपरांमध्ये गुपचूप शिरकाव करून सरकारविरोधी तरुणाई उभी करण्याचा प्रयत्न केला होता, हे २०१४ मध्ये उघड झाले. त्याची किंमत मोजली कलावंतांनी. प्रामाणिक टीका करणाऱ्यावरही हस्तकाचा शिक्का मारणे सोपे झाले.

२०१८ मध्ये कलेसाठी सरकारी परवानगी सक्तीची करणारा ३४९ क्रमांकाचा हुकूम निघाला. त्याला विरोध करणाऱ्यांत मायकेल ओसोर्बो हा काळा रॅपर होता. त्याचा सहभाग असलेल्या 'पात्रिया इ व्हिदा' या गाण्याला नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन लॅटिन ग्रॅमी मिळाले, तेव्हा तो तुरुंगात होता. जून २०२२ मध्ये त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली.

मित्रांनो, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्यांकडून नाव घेतले, लढाई मात्र आपली लढली. आलामारच्या पोरांनीही रॅपचे असेच केले. लय बाहेरची, इतिहास स्वतःचा. आज आपल्या वस्त्यांतली पोरे रॅप करू लागली आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू : टोपी आणि साखळी उचलण्याआधी हा प्रश्न उचला, की आपल्या रस्त्यावर पुतळा कोणाचा आहे आणि बूट कोणाचे उरले आहेत. आणि माईक हाती देणारा कोण आहे, तो बदल्यात काय मागतो आहे, हेही विचारा. एस्तेनोसचा पक्ष बंदीने संपवला गेला, पण शंभर वर्षांनी त्याचे नाव गाण्यात परत आले. पुस्तकाने गाळलेले गाणाऱ्याने लक्षात ठेवले, म्हणूनच सत्ता गाण्याला घाबरते.

जयभीम!