कै. बाळासाहेब खेर

मुंबई इलाख्यातील काँग्रेसचे पहिले पंतप्रधान कै. बाळ गंगाधर खेर ह्यांचे नाव आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या कानांवर क्वचितच पडते, म्हणून हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म दि. २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे झाला. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल व मुंबईचे विल्सन कॉलेज येथे शिक्षण घेऊन १९०८ साली ते बी. ए. झाले. संस्कृतातील प्रावीण्याबद्दल त्यांना भाऊ दाजी पारितोषिक मिळाले होते. पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती बीमन ह्यांचे ते चिटणीस झाले. बीमनसाहेबांची दृष्टी अधू होती. अशा न्यायाधीशाजवळ कागद वाचता वाचता जो कायदा अंगी मुरतो, तो वर्गात मुरत नाही, असे आम्हांस वाटते. १९१८ साली त्यांनी भागीदारीत सॉलिसिटरची पेढी काढली व ती भरभराटीस आणली. असा जम बसलेला धंदा मागे ठेवून १९३० व १९३२ साली त्यांनी कारावास पत्करला.

१९३७ साली नेतेपदी नरीमन येतील अशी अनेकांची अटकळ होती. निवड खेरांची झाली. त्यावरून वाद माजला, चौकशीही झाली. मात्र नरीमन ह्यांची तक्रार वल्लभभाईंविरुद्ध होती, हे विसरता कामा नये.

सत्ता हाती येताच एक अवघड पेच उभा राहिला. कायदेभंगात गुजरातेतील शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने जप्त करून विकल्या होत्या. खरेदीदारांनी तर रोख पैसे मोजलेले! नुसत्या हुकमाने त्या काढून घेणे कायद्यात बसेना. तेव्हा १९३८ साली स्वतंत्र कायदा करून, खरेदीदारांस मोबदला देऊन जमिनी मूळ मालकांस परत करण्यात आल्या. आमच्या मते खेरांच्या मंत्रिमंडळाचे हे सर्वांत न्याय्य काम होय.

त्याच वर्षीच्या औद्योगिक कलहाच्या कायद्याबद्दल मात्र आम्हांस तसे म्हणवत नाही. संपावर बंधने घालणाऱ्या ह्या कायद्याविरुद्ध दि. ७ नोव्हेंबर रोजी मुंबईत कामगारांनी संप केला, त्यात डॉ. आंबेडकरही होते. कामगारांचे म्हणणे अधिक ऐकले जावयास हवे होते.

शिक्षणखाते त्यांनी स्वतःकडे ठेविले. १९३९ साली मुंबईत प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली. १९४६ ते १९५२ ह्या दुसऱ्या कारकीर्दीत हरिजनांस मंदिरप्रवेशाचा कायदा (१९४७), कूळकायदा (१९४८) व पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. त्यानंतर ते इंग्लंडात हायकमिशनर होते. परतल्यावर १९५५ साली राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अहवाल १९५६ साली सादर झाला. सुनीतिकुमार चतर्जी व पी. सुब्बरायन ह्यांनी त्यास भिन्नमतपत्रिका जोडल्या. दि. ८ मार्च १९५७ रोजी पुणे येथे बाळासाहेब निवर्तले.