जप्त केलेले मुखवटे

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोकांच्या मुखवट्यांना कलासमीक्षक ‘आदिम कला’ म्हणून गौरवितात. मला हा गौरव अपुरा वाटतो. सीडरच्या लाकडातून कोरलेल्या काही मुखवट्यांची दोरी ओढली की पक्ष्याची चोच दुभंगते आणि आत माणसाचा चेहरा दिसतो. कारागिरी थोर आहेच. पण मुखवटा हा मुळात हक्काचा पुरावा आहे. घराण्याचे नाव, नृत्य, कथा यांवरील हक्क पॉटलॅच समारंभात साक्षीदारांसमोर सिद्ध होतो आणि यजमान त्यांना संपत्ती वाटतो.

साठवण्यापेक्षा वाटण्यात मोठेपणा मानणारी ही रीत मिशनऱ्यांना आणि सरकारला खुपली. १८८५ पासून ती गुन्हा ठरली. डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी मोठा पॉटलॅच केला. ४५ जणांवर आरोप ठेवले गेले. गुन्हे कोणते? भाषण करणे, नाचणे, भेटी वाटणे! मुखवटे सरकारजमा करा, नाहीतर तुरुंगात जा, असा सौदा पुढे आला. ओटावा, टोरांटो, न्यूयॉर्क येथील संग्रहांत हा मुद्देमाल पोचला आणि काचेआड जाताच ‘कला’ झाला.

१९५१ साली कायद्यातून बंदी गेली. वस्तू मात्र परतल्या नाहीत. आधी संग्रहालय बांधा, ही अट होती. केप मज येथे १९७९ मध्ये आणि अलर्ट बे येथे १९८० मध्ये लोकांनी संग्रहालये उभारली. अलर्ट बेच्या केंद्राचे नाव ‘उमिस्ता’, म्हणजे पळवून नेलेल्यांचे घरी परतणे. तिथे हे मुखवटे काचेत न कोंडता उघडे मांडले गेले.

संस्कृतीच्या जतनाचा दावा करणाऱ्याला म्हणूनच मी आधी विचारतो : ही वस्तू तुमच्याकडे आली कशी?