हंगामाच्या सणाची कुळकथा

खरिपाचं पीक घरात आलं की नवापूर, नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एका रविवारी देवळाचा बाजार होतो. व्यासपीठापुढे भाताच्या लोंब्या, तुरीच्या शेंगा, मक्याची कणसं, भोपळे आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव. भोपळ्याची बोली बाजारभावाच्या कितीतरी वर जाते. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ झालं की घेणारा तोच भोपळा पुन्हा टेबलावर ठेवतो आणि बोली पहिल्यापासून सुरू होते. मराठी ख्रिस्ती माणूस याला हंगामाचा सण म्हणतो.

या सणाचं सगळ्यात जुनं मूळ मोशेच्या नियमशास्त्रात आहे. शेतातली पहिली उपज टोपलीत घालून देवापुढे ठेवायची, आणि ठेवताना आपले पूर्वज उपरे होते, गुलाम होते हे मोठ्यानं सांगायचं, असा अनुवादाच्या 26व्या अध्यायातला विधी आहे. तिथे आनंद करण्याचीही आज्ञा आहे, आणि त्या आनंदात उपऱ्यालाही सामील करून घ्यायचं आहे. आजच्या सणाचं रूप मात्र अलीकडचं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मॉर्वेनस्टो नावाचं खेडं आहे. तिथले पाळक रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी 1843 साली 1 ऑक्टोबरच्या रविवारी नव्या पिकाबद्दल उपकारस्तुतीची उपासना ठेवली. ती रीत इंग्लंडभर रुजली आणि पुढे मिशनऱ्यांबरोबर दूरदूर गेली.

खानदेशात जळगाव, भुसावळ, चाळीसगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं. नवापूर, नंदुरबारकडच्या भिल्ल-मावची वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये शिकागोत स्थापन केलेली ही संस्था. तेव्हा नवापूर, नंदुरबारचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडे. पुढे तो धुळे जिल्ह्यात राहिला आणि 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

हे मिशन येण्याच्या थोडं आधी, 1899-1900 मध्ये, छप्पन्नचा दुष्काळ पडला होता. 1900 साली न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचं जहाज मका घेऊन मुंबईला आलं. त्या मक्याचे पैसे एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी काढून दिले होते. मक्याचं कणीस देवापुढे ठेवलेलं पाहिलं की मला ते जहाज आठवतं.

पण नव्या धान्यातलं आधी देवाला ही गोष्ट इथल्या माणसाला कुणी शिकवावी लागली नाही. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, ही रीत सातपुड्यात मिशनऱ्यांच्या आधीपासूनची. सपाटीवर खळ्यात रास पडली की सुतार, लोहार, चांभार आपापलं बलुतं घ्यायला येत. बलुतं हा हक्क होता, त्यावरून भांडणंही होत. तरी रास घरी नेण्याआधी सूपभर कुणाच्या तरी पदरात जायलाच हवं, हे शेतकऱ्याच्या अंगात मुरलेलं होतं. हॉकरचा सण इथे जगला तो या जमिनीत ओल होती म्हणून, असं माझं मत आहे.

आता देतानाच्या संतोषाचं कूळ. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवताना पौलानं करिंथकरांना लिहिलं, की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेद मानून किंवा भिडेखातर नको. दाखला दिला तो मासेदोनियाच्या मंडळ्यांचा, ज्या स्वतःच हलाखीत होत्या. देवाला आवडणाऱ्या दात्यासाठी त्यानं जो शब्द वापरला तो ‘हिलारोस’, म्हणजे हसऱ्या, उजळ चेहऱ्याचा. तो त्याला नीतिसूत्रांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात मिळाला. 22व्या अध्यायातलं ते वाक्य हिब्रू मूळ पाठात नाहीच, फक्त ग्रीकमध्ये आहे. मराठी पवित्र शास्त्रात त्या जागी ‘संतोषाने’ आलं. शब्द सुंदर आहे, पण शांत आहे. संतोषी माणूस ओसरीवर स्वस्थ बसतो, हिलारोस माणूस हसत उठून दार उघडतो. भाषांतरात मागे राहिलेलं ते हसू लिलावाच्या अंगणात परत आलं. तिथे दहा रुपयांची बोली लावणारी म्हातारीही सगळ्यांना हसवते आणि स्वतः हसते.

म्हणून दशांशाचा हिशेब लावून, नावं आणि आकडे वाचून दाखवून वसूल केलेलं दान मला खुपतं. करिंथकरांना लिहिलेल्या वर्गणीबद्दलच्या दोन्ही अध्यायांत पौलानं टक्का सांगितलेला नाही.

तुमच्या वाटेवर असं अंगण लागलं, तर थांबा. बोली लावायला ख्रिस्ती असावं लागत नाही. भोपळा तुमच्यावर सुटला तर एकदा टेबलावर परत ठेवून बघा.